गोड्या पाण्याचा किनारा : प्रस्तावना

इंदूरच्या पलासियात आमच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येते आणि ते नर्मदेचे असते. मंडलेश्वरजवळ जलूदला नदीतून उचललेले हे पाणी विंध्याचा चढ चढून, सुमारे 70 किलोमीटरची वाट कापून शहरात पोहोचते. 1978 मध्ये या योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला. त्याआधी, 1970 मध्ये, नर्मदा इंदुरात यावी म्हणून सारे शहर रस्त्यावर उतरले होते. त्या दिवसांच्या गोष्टी सांगताना माझ्या वडिलांचा आवाज चढत असे. पुढे कॉलेजात भूगोल शिकवताना मी मुलींना या पाण्याचा पुढचा प्रवास फळ्यावर काढून दाखवत असे. नर्मदा पश्चिमेला जाऊन अरबी समुद्राला मिळते. पण आपण वापरून सोडलेले तिचे पाणी खान नदीतून क्षिप्रेत जाते, क्षिप्रेतून चंबळेत, मग यमुनेत, गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्राच्या वाटेवरचे पाणी आपण घरी आणतो आणि दुसऱ्याच समुद्राला धाडतो. गोडे पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे इंदूरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या बाईने समुद्रात कयाक वल्हवणाऱ्यांसाठी पिण्याच्या पाण्यावर पुस्तक का लिहावे, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर तीन प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग आजोळचा. माझी आई मालवणजवळच्या एका वाडीतली. मे महिन्यात आम्ही तिथे जात असू. घराच्या मागे माड, माडांच्या मागे पुळण, पुळणीपुढे समुद्र. विहीर मात्र घर आणि समुद्र यांच्या मधोमध आणि तिचे पाणी गोड. मी धसमुसळेपणाने घागर आदळली की आजी ओरडायची, "घागर हळू सोड गो, तळ ढवळलंस तर खारां वर येतलां!" आजी कधी शाळेत गेली नव्हती. पण त्या एका वाक्यात किनाऱ्यावरच्या विहिरींचे सगळे शास्त्र होते, हे मला भूगोलात एम.ए. करताना कळले.

दुसरा प्रसंग नर्मदा परिक्रमेचा. आमच्या मराठी घरांत परिक्रमेचे वेड जुने आहे. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचे, तिला कुठेही ओलांडायचे नाही, हा नियम. त्यामुळे दक्षिण तटाने समुद्रापर्यंत पोहोचलेल्या परिक्रमावासीला उत्तर तटावर जायला एकच वाट उरते : नदीचे मुख वळसा घालून समुद्रातून. हांसोट तालुक्यातल्या विमलेश्वरहून नाव सुटते आणि पलीकडे मिठी तलाईला लागते. नाव केव्हा सुटणार हे भरती ठरवते. आम्ही गेलो तेव्हा वाट पाहण्यातच अर्धा दिवस गेला आणि नाव निघेपर्यंत माझी बाटली रिकामी झाली होती. वर ऊन, खाली गढूळ खारे पाणी, नावेत दाटीवाटीने बसलेली माणसे. शेजारी निमाडातली एक म्हातारी होती. तिने माझ्याकडे पाहिले, पदराआडून कमंडलू काढला आणि त्यातले दोन घोट माझ्या ओंजळीत घातले. पलीकडे उतरल्यावर 'मिठी तलाई' या नावाचा अर्थ मला समजला. मिठी म्हणजे गोड, तलाई म्हणजे तळे. समुद्र ओलांडून आलेल्याला सगळ्यात आधी काय हवे असते, ते कुणीतरी त्या जागेला नावातच देऊन ठेवले आहे.

तिसरा प्रसंग माझ्या भाच्याचा. हे पुस्तक खरे म्हणजे त्याच्यामुळे झाले. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो आणि त्याचे तीन मित्र देवगडहून मालवणकडे कयाकने निघाले. चौघांचे सगळे पाणी त्यांनी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरले होते. कॅनचे झाकण नीट बसले नव्हते आणि लाटांचे पाणी त्यात झिरपत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतात तर सगळे मचूळ. ते एका लहानशा पुळणीवर उतरले आणि माडांत दिसणाऱ्या घराकडे गेले. रात्री त्याचा फोन आला. "मावशी, त्या आजींनी आधी गूळ दिला आणि मग पाणी. विहीर पार तळाला गेली होती गं. तरी आमचा कॅन भरून दिला." थोडे थांबून तो म्हणाला, "आम्ही तो घ्यायला नको होता."

त्याचे हे शेवटचे वाक्य या पुस्तकाच्या मुळाशी आहे. समुद्रावरच्या सहलीत पाणी कसे मिळवावे, हा प्रश्न वरवर पाहता युक्त्यांचा आणि यंत्रांचा वाटतो. मी जसजशी वाचत, फिरत आणि लोकांना विचारत गेले तसतसे लक्षात आले की तो आधी किनाऱ्याचा प्रश्न आहे. कयाकवाला समुद्रावर असतो, पण जगतो तो किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी विहिरीवर.

समुद्राचे पाणी का पिऊ नये, हे सर्वांना ठाऊक असते, पण नेमके कारण थोड्यांनाच सांगता येते. समुद्राच्या 1 लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. जुलाब झालेल्या मुलाला आपण जलसंजीवनीचे जे मिश्रण देतो, त्यात 1 लिटरला साधे मीठ 2.6 ग्रॅम असते. या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात ठेवावे. आपले मूत्रपिंड समुद्राइतके खारट मूत्र तयार करू शकत नाही. त्यामुळे 1 लिटर समुद्र प्यायला तर त्यातले मीठ बाहेर टाकायला शरीराला 1 लिटरहून जास्त पाणी लागते आणि ते त्याला स्वतःच्याच साठ्यातून काढावे लागते. म्हणजे प्यायलेला प्रत्येक घोट तहान वाढवतो. 1952 मध्ये अ‍ॅलेन बोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने रबरी होडीतून अटलांटिक ओलांडला आणि थोडे थोडे समुद्राचे पाणी पिऊन माणूस तगू शकतो असे मांडले. हान्नेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर 1956 मध्ये घडीच्या कयाकमधून तोच महासागर 72 दिवसांत पार करून गेला आणि त्याने बोंबार्डचे म्हणणे ठामपणे खोडून काढले. समुद्राचे पाणी पिऊ नये, हाच आज सर्वमान्य सल्ला आहे आणि या पुस्तकाचाही तोच आहे.

कयाक ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडची. तिथल्या इन्युइट लोकांनी ती सीलच्या कातड्यातून घडवली. ज्या किनाऱ्यांवर ती जन्मली तिथे गोडे पाणी बर्फाच्या रूपात हाताशी होते. समुद्राचे गोठलेले पाणीसुद्धा वर्षे लोटली की आपले मीठ खाली सोडून देते आणि त्या जुन्या बर्फाचे पाणी पिता येते. ती होडी कोकणात आणली की तिचा हा आधार तुटतो. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण 1932 मध्ये घडीची कयाक घेऊन घरून निघाला आणि भारताचा किनारा धरून पुढे जात 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टोकाला पोहोचला. सात वर्षांचा हा प्रवास त्याने मुख्यतः किनाऱ्याकिनाऱ्याने, गावे गाठत केला. किनारा सोडून जाणाऱ्याचे गणित निराळे असते. 1987 मध्ये एड जिलेट कॅलिफोर्नियाहून हवाईपर्यंत 63 दिवस एकटा कयाकवर होता आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे हातपंप त्याच्या सोबत होते. आपल्यापैकी बहुतेकांना जिलेटच्या वाटेने जायचे नाही. आपली वाट स्पेकची आहे, आणि त्या वाटेवर पाण्यापाशी माणूस भेटतोच.

आपल्या किनाऱ्याने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंसाठी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्या दानाची नोंद करणाऱ्या प्राकृत लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतल्या माणसांची नावे तिथल्या लेखांत येतात. म्हणजे ज्यांची गलबते समुद्रावर फिरत होती, त्या गावांचा पैसा पाण्याच्या टाक्यांतही लागला. घारापुरीच्या बेटावरही अशीच टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी किनाऱ्यावर पुण्य मिळवायचे तर पाणी साठवून द्यावे, एवढी ही समज पक्की होती.

जलदुर्गांनी हीच समज पुढे नेली. 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. सुमारे 48 एकरांचे ते खडकाळ बेट, चहूबाजूंनी समुद्र आणि आत तीन गोड्या विहिरी : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ही नावे ठेवणाऱ्याने त्या पाण्याची चव मनापासून घेतली असावी. मुरूडच्या जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. तो किल्ला वर्षानुवर्षे अजिंक्य राहिला त्याचे श्रेय आपण तट आणि तोफांना देतो. पण ते तलाव नसते तर वेढ्यात तटाआडच्या माणसांनी किती दिवस काढले असते? अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गणपतीच्या देवळासमोर पुष्करणी आहे, आणि ओहोटीला चालत जाता येणाऱ्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीरही आहे. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. या किल्ल्यांवर जाणाऱ्या प्रत्येकाने बुरुज पाहून झाल्यावर एकदा टाक्याच्या काठावर बसावे आणि या बेटावर माणसे वर्षभर काय पीत असतील, याचा विचार करावा.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्याच्या पाण्याविषयी जे लिहून ठेवले, ते मी माझ्या भाच्याला कयाकचा पहिला धडा म्हणून वाचून दाखवले. त्यांच्या सांगण्याचा आशय असा : किल्ला बांधण्याआधी तिथले पाणी पाहा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून जादा टाकी बांधा आणि साठा राखा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे शहाणपण कयाकच्या पोटात जसेच्या तसे बसते. निघण्याआधी पाणी पाहावे. पुढच्या गावची विहीर आहेच असे धरून चालू नये. वारा उलटा फिरला की वल्हवणे दुप्पट होते आणि नेमकी तेव्हाच तहानही. आणि सगळा साठा एका कॅनमध्ये कधी ठेवू नये.

आता आजीच्या घागरीकडे येते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. 1 लिटर गोड्या पाण्याचे वजन 1 किलो, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे 1.025 किलो. पावसाचे पाणी किनाऱ्यावरच्या वाळूत मुरते तेव्हा ते खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळून जात नाही, त्याच्यावर तरंगत राहते. भिंगासारखा त्याचा एक थर तयार होतो, मध्ये जाड आणि कडांना पातळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घायबेन या डच अभियंत्याने आणि नंतर हेर्झबर्ग या जर्मनाने त्याचा हिशेब मांडला. समुद्राच्या पातळीच्या वर गोडे पाणी 1 मीटर असेल तर खाली त्याचा थर सुमारे 40 मीटर असतो. हे प्रमाण वाळूत चांगले जुळते, भेगाळ खडकात बदलते. या हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. विहिरीतले पाणी उपसून पातळी वीतभर खाली नेली, तर खालचे खारे पाणी त्याच्या कैकपट वर सरकू पाहते. घागरीने हळू काढले तर थर सावरतो. पंप लावून खेचले तर विहिरीत मीठ येते आणि एकदा आले की पाऊसपाण्याची वर्षे गेल्याशिवाय जात नाही. "खारां वर येतलां" म्हणजे हेच.

याच कारणाने अडचणीच्या वेळी पुळणीवर खड्डा खणून पाणी मिळू शकते. तो उधाणाच्या भरतीरेषेच्या बराच वर, शक्यतो वाळूच्या उंचवट्यामागे खणावा. पहिले पाणी दिसताच थांबावे आणि फक्त वरवरचे हलकेच काढावे. आणखी खोल गेलात तर खारेच लागणार. कांदळवन दिसले तर तिथे शोधू नये, ती झाडे खाऱ्या चिखलातली. माड आणि घर एकत्र दिसले तर विहीर जवळपास असतेच. आमच्या शेजारच्या उज्जैनीत सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमिगत पाण्यावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला, त्याचे नाव दकार्गल. जांभूळ, उंबर, वारुळे अशा खुणांवरून पाणी किती हातांवर असेल, ते त्यात सांगितले आहे. आजचा भूजलतज्ज्ञ त्यातले सगळेच मान्य करणार नाही. पण झाडे पाहून पाण्याचा अंदाज घ्यायची त्याची नजर शिकण्यासारखी आहे, आणि किनाऱ्यावर ती आजही उपयोगी पडते.

यंत्रांविषयी लोकांच्या मनात बरेच गैरसमज आहेत, म्हणून इथे थोडे स्पष्ट लिहिते. मेणबत्तीचा फिल्टर, कापडाची गाळणी, क्लोरीनचे थेंब, उकळणे यांपैकी कशानेही मीठ जात नाही. हे सगळे उपाय विहिरीच्या पाण्यातले रोगजंतू मारायला किंवा गाळ काढायला आहेत, आणि त्यासाठी ते जरूर वापरावेत. स्वयंपाकघरातला आरओ नळाच्या पाण्यासाठी असतो. समुद्राचे पाणी पडद्यातून रेटायला 55 बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे पंचवीसपट. एवढा दाब देणारे हातपंप मिळतात. त्यांतला सर्वांत लहान एक किलोच्या आसपास वजनाचा असतो आणि तासभर सतत हापसला तर 1 लिटरहूनही थोडे कमी पाणी देतो. त्या तासात वल्ही मारता येत नाहीत आणि घाम मात्र येत राहतो. शिवाय खाडीच्या तोंडचे गाळाचे किंवा बंदरातले तेलकट पाणी त्याच्या पडद्याला मानवत नाही. लांबच्या सफरीत तो जीव वाचवतो. दोन-तीन दिवसांच्या सहलीत त्याच्या भरवशावर पाणी कमी घेणे चुकीचे आहे.

उन्हाने पाण्याची वाफ करून ती काचेवर धरायची सौरभट्टी चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाकाठी 3 ते 5 लिटर देते. पण कयाकवर तेवढी जागाच नसते. चुलीवर वाफ धरायची म्हटली तर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता नंतर त्याची वाफ करायला लागते. इतके सरपण पुळणीवर मिळत नाही, आणि मिळाले तरी जाळू नये. मोठ्या प्रमाणावर मात्र हे तत्त्व आपल्याच देशात छान वापरले गेले आहे. लक्षद्वीपच्या कवरत्तीत 2005 पासून वरचे कोमट आणि खोलवरचे थंड समुद्रपाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालणारा प्रकल्प आहे. त्याची क्षमता दिवसाला 1 लाख लिटर. जिथे बेटावरच्या विहिरींचा थर पातळ होता, तिथे त्याने लोकांना गोडे पाणी दिले.

कोकणात कयाक वल्हवणाऱ्यापुढे ऋतूचा पेच आहे. इथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या काळात समुद्र खवळलेला असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी असते. ज्या दिवसांत ताडपत्री ताणून पावसाचे पाणी धरता आले असते, त्या दिवसांत होडी पाण्यात घालायची नसते. होडी घालायचे दिवस ऑक्टोबर ते मे. त्यातही जसजसे ऊन वाढते आणि तहान वाढते, तसतशा विहिरी खाली जातात. म्हणून जगभरच्या पुस्तकांत लिहिलेली पावसाच्या पाण्याची युक्ती आपल्याकडे बहुतेक वेळा कामाची नाही. पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी, एवढाच आपला साठा. तो कुणीतरी राखलेला असतो.

मग साधा हिशेब उरतो. कोकणातल्या उन्हात वल्हवणाऱ्या माणसाला पिणे आणि स्वयंपाक धरून दिवसाला 5 लिटर पाणी लागते असे मी धरते. तीन दिवसांची सहल आणि एक दिवस राखीव धरला की 20 लिटर, म्हणजे 20 किलो. हे ओझे दोन ते चार लिटरच्या मजबूत पिशव्यांत विभागून, होडीच्या तळाशी, बैठकीच्या जवळ ठेवावे. त्याने होडी स्थिर राहते. पाणी संपत जाईल तशी ती हलकी होऊन डोलू लागते, याची सवय ठेवावी. गोडे पाणी हलके असल्याने भरलेली पिशवी समुद्रात पडली तर बुडत नाही, पृष्ठभागाशी रेंगाळते. म्हणून पिशवीला भडक रंगाची दोरी बांधावी. मिठाचे प्रमाण मोजणारे पेनासारखे यंत्र स्वस्त मिळते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात. समुद्रात ते सुमारे 35,000 असतात. शहाळी मिळाली तर जरूर प्यावीत, कोकम सरबतात चिमूटभर मीठ घालून घ्यावे, पण त्यांवर हिशेब मांडू नये.

यापुढचे मला अधिक कळकळीने सांगायचे आहे. कोकणातल्या अनेक वाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकर येतो. डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. तिकडे पोफळीला वीज तयार करून झालेले कोयनेचे पाणी वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते, आणि त्याच किनाऱ्यावर उन्हाळ्यात घागरी रांगेत असतात. अशा गावात आपण हौसेने वल्हवत पोहोचतो आणि दार वाजवतो. कोकणातले घर पाण्याला नाही म्हणत नाही. गुळाचा खडा आणि पाणी पुढे करणे हा तिथला संस्कार आहे. म्हणूनच मागणाऱ्याने विचार करायचा. टँकरच्या गावात पाणी मागू नये, बंदरावरून किंवा बाजारातून जार विकत भरून घ्यावा. विहिरीवर गेलो तर आधी घरच्यांना विचारावे, स्वतः शेंदावे, हळू शेंदावे, विहिरीच्या काठावर साबण लावू नये. प्यायच्या पाण्यापेक्षा जास्त नेऊ नये. रिकाम्या बाटल्या परत आपल्या होडीत. आणि परतल्यावर त्या घरी फोन करून नीट पोहोचल्याचे कळवावे, कारण ज्याला पाणी दिले त्याची काळजी त्या घराला लागून राहते.

भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची होडी गोव्यात बांधली गेली आणि तिचे नाव 'म्हादेई'. म्हादेई म्हणजे मांडवी, गोव्याला गोडे पाणी देणारी नदी. साऱ्या जगाच्या खाऱ्या पाण्यातून फिरून आलेल्या त्या होडीने घरच्या नदीचे नाव वागवले, याचा मला फार आनंद वाटतो.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात शरीर आणि पाणी, दुसऱ्यात साठवण आणि होडी, तिसऱ्यात किनाऱ्यावरच्या विहिरी, टाकी आणि पुळणीवरचे खड्डे, चौथ्यात पाणी निर्जंतुक करणे आणि खाऱ्याचे गोडे करणे, पाचव्यात अडचणीची वेळ. ज्यांना सगळे वाचायला सवड नाही त्यांनी दुसरा आणि पाचवा भाग तरी निघण्याआधी वाचावा. शाळेच्या पुस्तकात आम्ही महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटरचा म्हणून शिकलो. त्या सगळ्यावर मी फिरलेले नाही आणि तसा आव आणत नाही. जे पाहिले, पडताळले आणि जाणत्यांनी सांगितले तेवढेच लिहिले आहे. मालवण, हर्णै आणि मुरूडच्या तांडेलांनी, विहिरीवर मला उभे राहू देणाऱ्या बायांनी आणि माझ्या भाच्याच्या मित्रांनी जी मदत केली, ती या पानापानांत आहे.

शेवटची 16 पाने कोरी सोडली आहेत. त्यांवर रकाने आखले आहेत : गाव, महिना, विहीर कुणाची, पाणी किती हातांवर, चव गोड, मचूळ की खारी, आणि आपण किती घेतले. दर सहलीत ती भरावीत आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच विहिरीवर जाऊन पुन्हा पाहावे. एखादी विहीर मचूळ होऊ लागली तर ते सगळ्यात आधी तिच्या घरच्यांना कळते, पण त्यांचे ऐकून ते लिहून ठेवायला कुणी नसते. ते काम आपण करू शकतो. पहिल्या ओळीत मी माझ्या आजोळच्या विहिरीची नोंद केली आहे. मे महिना, पाणी सात हातांवर, चव अजून गोड. भाच्याने दुसरी ओळ भरली. त्या आजींच्या विहिरीवर तो पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गेला होता, या वेळी भरलेले कॅन घेऊन. "किती घेतले" या रकान्यात त्याने लिहिले आहे : एक पेला, गुळाबरोबर.

न्यू पलासिया, इंदूर